डायलअप पत्त्यांवरून येणारी मेल दारातच अडवावी का?

टपालहमाल:
माझं मत सरळ आहे. डायलअप (फोनलाइनवरची जोडणी) किंवा बदलत्या आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) थेट पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, येणारी मेल घ्यायचीच नाही, ५५० (मेल नाकारल्याचा कोड) देऊन मोकळं व्हायचं. घरगुती ग्राहकाची मेल त्याच्या सेवादात्याच्या सर्व्हरमधून जाते. त्याच्या पीसीला परस्पर माझ्याकडे यायचं कारणच काय? २००३ मध्ये सोबिग व्हायरसने घरोघरचे पीसी स्पॅमवाल्यांच्या ताब्यात दिले, तेव्हापासून असे आगंतुक बहुतेक व्हायरसवालेच. मजकूर तपासायचा तर आधी अख्खी मेल उतरवून घ्या. इथे पत्ता अशा पत्त्यांच्या यादीत आहे का, हे एका डीएनएस चौकशीत (इंटरनेटच्या नाव-पत्ता नोंदींना विचारून) कळतं, काम होतं.

घरचासर्व्हर:
म्हणजे पत्ता बघून गुन्हेगार ठरवायचं! माझा आयपी स्थिर आहे, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आहे, एसपीएफ (माझ्या नावाने मेल कोणता सर्व्हर पाठवू शकतो ती नोंद) आहे. तरी मेल परत येते, कारण आजूबाजूची अख्खी रेंज यादीत. "सेवादात्याच्या रिलेतून (मेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरमधून) पाठवा" म्हणणं सोपं आहे हो. त्याच रिलेतून इतर ग्राहकांची घाणही जाते, मग रिलेच काळ्या यादीत जातो.

नवशिक्या:
डायलअप अजून कोण वापरतं?

टपालहमाल:
जवळपास कोणी नाही. ब्रॉडबँडचे बदलते पत्तेही त्याच हिशेबात धरतात.
@घरचासर्व्हर, स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल ही यादी (२००७ पासून आहे) गुन्हेगारांची यादी नाहीच. "इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही" एवढंच ती सांगते. यादीला विचारल्यावर उत्तर १२७.०.०.१० आलं तर ती नोंद खुद्द सेवादात्याने केलेली असते, शेवटी ११ आलं तर स्पॅमहाउसने. स्थिर आयपीवर मेल सर्व्हर असेल तर तेवढा पत्ता तुम्ही स्वतः काढून घेऊ शकता.

घरचासर्व्हर:
काढलाय. पण काही शहाणे रिव्हर्स नावात 'डीएसएल' किंवा 'पीपीपी' (घरगुती जोडणीची खूण) दिसलं की हाकलतात. तिथे अर्ज कुठे करायचा? पोस्टमास्टरला (त्या सर्व्हरच्या मेल सांभाळणाऱ्याला) लिहावं तर तीही मेल त्याच नियमाने परत!

टपालहमाल:
नावावरून हाकलणं मलाही पटत नाही. आणि पोस्टमास्टरचा पत्ता उघडा हवाच, त्यात वाद नाही.

रात्रपाळी:
तुमचं तत्त्वाचं भांडण चालू द्या, पण मला येणाऱ्या तक्रारी निराळ्याच असतात. पोस्टफिक्समध्ये (मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये) यादीची तपासणी वर आणि लॉगिन केलेल्यांना सूट खाली, असा क्रम लावला की आपलेच लोक घरून मेल पाठवू शकत नाहीत. ते लॉगिन करून आलेत, पण त्यांच्या घरच्या आयपीवर सर्व्हर आधीच ५५० देऊन बसतो! सूट आधी, यादी नंतर. त्याहून बरं म्हणजे त्यांना पोर्ट ५८७ वर (लॉगिन करून मेल पाठवण्याच्या दारावर) पाठवा आणि तिथे ही यादी लावूच नका.
दुसरं, काही फिल्टर 'रिसीव्ह्ड'च्या (मेल कुठून कुठून आली ते सांगणाऱ्या) सगळ्या ओळी यादीशी ताडून बघतात. अहो, सगळ्यात खालची ओळ बऱ्याचदा पाठवणाऱ्याच्या घरचीच असते. रिलेतून नियमाने आलेला माणूसही मग अडकतो. तपासायचा तो फक्त आपल्याशी जोडला गेलेला आयपी.

घरचासर्व्हर:
हे पटलं. पण नाकारण्याऐवजी मेलचा स्पॅम स्कोअर (संशयाचे गुण) का वाढवत नाही?

टपालहमाल:
कारण मग मेल स्पॅम फोल्डरमध्ये कुजते आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ५५० आलं तर निदान मेल गेली नाही हे तरी कळतं, आणि का ते.

घरचासर्व्हर:
का ते? मला परवा आलेल्या ५५० मध्ये नुसतं "ॲक्सेस डिनाइड" होतं. ना यादीचं नाव, ना लिंक.