मदत हवी आहे : महिनाअखेरीस जेवण, औषध आणि हजेरी तिन्ही चुकणाऱ्या कामगारांसाठी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हजेरी आणि पगाराचे काम पाहते. कायम आणि ठेक्यावरचे मिळून साधारण साठ माणसे आमच्याकडे आहेत आणि पॅकिंग व साफसफाईच्या बहुतेक बायका ठेकेदारामार्फत येतात. प्रश्न हजेरीपटावरून सुरू झाला असला तरी त्याचे मूळ जेवणात आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळे सविस्तर लिहीत आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आमचा पगार दहा तारखेला होतो. खाडे वाढतात ते पंचवीस तारखेच्या पुढे, थेट पुढच्या पगारापर्यंत, आणि ते बहुतांशी त्याच त्या माणसांचे असतात. सुपरवायझर याला आळशीपणा म्हणतात. याच दिवसांत उचल मागणारेही तेच असतात आणि किराणा दुकानदाराने उधारी बंद केल्याचे सांगणारेही तेच, याकडे मात्र कोणी पाहत नाही.

पॅकिंगमधल्या एका मावशींचे उदाहरण देते. त्यांना मधुमेह आहे. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात, त्यामुळे औषध परवडत नाही असे म्हणता येत नाही. पण त्यांतली एक गोळी शरीरातले इन्सुलिन वाढवून साखर उतरवते, आणि ती घेऊन वेळेवर पोटात अन्न गेले नाही तर घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा बसमधून उतरताना त्यांना असाच त्रास झाला. तेव्हापासून ज्या सकाळी घरात मुलांच्या डब्यापुरतेच पीठ असते, त्या सकाळी त्या गोळी घेत नाहीत. माझ्या मते त्यांचे हे वागणे बेफिकिरीचे नसून सावधगिरीचे आहे. दवाखान्यात मात्र याची नोंद ‘औषधे नियमित घेत नाही’ एवढीच होते, तपासणीत साखर वाढलेली दिसते, डॉक्टर गोळीची मात्रा वाढवतात आणि पुढच्या उपाशी दिवशी तीच वाढीव मात्रा अधिक धोक्याची ठरते. जेवलात का, काय जेवलात, किती वेळा जेवलात, हे त्यांना तिथे कोणी विचारल्याचे आठवत नाही.

दुपारच्या सुट्टीत त्या इतर बायकांपासून थोड्या दूर, खोक्यांच्या थप्पीमागे बसतात. डब्यात कधी एक चपाती आणि तिखट-मीठ असते, कधी डबाच नसतो. कंपनीचा चहा दोन वेळा मिळतो आणि त्या दिवसांत त्या तो जास्त साखर घालून मागून घेतात, कारण त्यावर संध्याकाळपर्यंत निभते. मधुमेहाच्या रुग्णाने साखरेच्या चहावर दिवस काढावा, हे पाहून मला गप्प बसवेना.

आता तपासणीचा दिवस पाहा. उपाशीपोटी रक्त द्यायचे, मग जेवून दोन तासांनी पुन्हा द्यायचे आणि त्यानंतर डॉक्टरांच्या रांगेत उभे राहायचे, म्हणजे तो दिवस गेलाच. दिवसाची मजुरी बुडते आणि आमच्याकडे एकही खाडा न करणाऱ्याला मिळणारा हजेरी भत्ताही त्या एका दिवसामुळे संपूर्ण जातो. ज्या घरात शेवटचे पंधरा दिवस मोजून मापून काढावे लागतात, तिथे हे दोन्ही पैसे म्हणजे तेल आणि डाळ असते. साहजिकच त्या तपासणी पुढे ढकलतात आणि नंतर पायाची जखम चिघळून सलग आठवडाभर घरी बसतात. एक दिवसाचा खाडा टाळण्यासाठी ठेवलेला भत्ता आठवड्याचा खाडा ओढवून घेतो, असे मला स्पष्ट दिसते, पण हे मालकांना आकड्यांत मांडता आलेले नाही.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २००० ते २००८ या काळातील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील लोकांमध्ये साखर एकदम उतरल्यामुळे दाखल होण्याचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त आढळले. जास्त उत्पन्न असणाऱ्यांमध्ये असा चढउतार दिसला नाही. तिथे गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची पद्धत निराळी असली तरी हातातले पैसे आणि अन्न संपण्याचा काळ तोच आहे.

दुसरा एक तरुण हेल्पर क्षयरोगाचे औषध घेत आहे. औषध लागू पडू लागल्यावर त्याला भूक फार लागते आणि तेवढे घरात नसते, म्हणून ‘गोळ्याच बंद करतो’ असे तो मला म्हणाला. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेत मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत, पण ते त्याच्या खात्यात हप्त्यांनी येतात आणि तेवढ्यात भागत नाही. झारखंडमधील ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात रुग्णाला महिन्याला दहा किलोचा शिधा दिला होता आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे इथे जेवण हा उपचाराचाच भाग आहे.

रेशनचे म्हणाल तर अडचण अशी आहे. राज्यात शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी (म्हणजे रेशनवर धान्य मिळण्यास पात्र ठरणाऱ्या कुटुंबासाठी) वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिना पाच हजारांच्याही आत, त्यामुळे किमान वेतन घेणारा कोणीही नव्याने त्यात बसत नाही. मावशींचे नाव गावाकडे, जालना जिल्ह्यात, सासूबाईंच्या कार्डावर आहे. एक देश एक रेशनकार्ड योजनेत आपल्या वाट्याचे धान्य इथे अंगठा लावून घेता येते हे त्यांना ठाऊक आहे, पण तसे केले की गावच्या कार्डावरचे तेवढे धान्य कमी होते आणि सासूबाई त्याच धान्यावर जगतात. माणशी ५ किलो गहू-तांदळात दोन चुली भागवायच्या कशा, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) वर्गणी पगारातून कापली जाते. तिच्यात आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन मिळते, पण आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत, त्यामुळे दवाखान्यात गेलेला एकेक दिवस तिथेही भरून निघत नाही. क्षयरोगासाठी दीर्घ आजारपणाचा वाढीव लाभ आहे, मात्र त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी लागते आणि आमच्या हेल्परची तेवढी झालेली नाही. ठेकेदार बदलला की नोकरीचा सलगपणा मोडला असे धरतात का, हे कोणा जाणकाराने सांगितल्यास फार उपयोग होईल.

मालक समंजस आहेत. त्यांनी पुढच्या पगाराआधी लेखी प्रस्ताव मागितला आहे. कायद्याने कँटीन सक्तीचे व्हावे एवढा आमचा पट नाही, परंतु दुपारी सर्वांना सारखेच डाळ-भात-भाजी-पोळीचे ताट द्यावे, त्यासाठी पगारातून काही कापू नये आणि तपासणीचा कागद दाखवला तर तो दिवस हजेरी भत्त्याच्या हिशेबात खाडा धरू नये, असे माझ्या मनात आहे. सर्वांना देण्याचा आग्रह यासाठी की ‘गरजूंनी नावे द्यावीत’ म्हटले तर मावशी कधीच नाव देणार नाहीत. खोक्यांमागे बसणाऱ्या माणसाकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

डॉक्टर सभासदांना माझी विनंती आहे की जेवणाची खात्री नसलेल्या रुग्णाने डॉक्टरांसमोर हा विषय कसा काढावा आणि साखर एकदम न उतरवणारे औषध बदलून मागता येते का, हे सांगावे. उपचार तिथलेच डॉक्टर ठरवतील, मला फक्त मावशींना नेमके काय बोलायचे ते समजावून द्यायचे आहे. ज्यांनी बचत गटाकडून किंवा जवळच्या खाणावळीकडून कामगारांच्या जेवणाची सोय केली असेल, त्यांनी ताटामागे आलेला खर्च, ठेकेदाराने त्यातला किती वाटा उचलला आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत खाड्यांत फरक पडला का, एवढे कृपया इथे लिहावे. आकडे उघड करायचे नसतील तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला तरी चालेल.