मीटिंग घराजवळचीच हवी असं नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमान दारू सोडण्यासाठी एएच्या मीटिंगला जायला कसेबसे तयार झालेत, पण कोथरूडमध्येच हवी म्हणून महिना गेला. कृपा करून थांबू नका. माझ्या भावाने मुद्दाम लांबची मीटिंग धरली होती, ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने. पहिल्या दिवशी तो दाराजवळच्या खुर्चीत बसला, चपलासुद्धा काढल्या नाहीत. कुणी आडनाव विचारलं नाही, उपदेश केला नाही. एका आजोबांनी चहाचा कप हातात दिला आणि म्हणाले, "आज नुसतं ऐका." तो दुसऱ्या दिवशी आपणहून गेला.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट. फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एएच्या हेल्पलाइनवर वार, वेळ आणि मीटिंग मराठीत असते का, ते विचारा. 'ओपन' मीटिंगला तुम्हीही सोबत जाऊ शकता. 'क्लोज्ड' फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, तिथे तुम्ही जाच, ते गेले नाहीत तरी.

येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दारू सोडवण्याचं काम करतंय, तिथेही चौकशी करा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मोफत आहे.

एक मात्र कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. मीटिंग त्याच आठवड्यात सुरू करता येते.