मदत हवी आहे: स्विफ्टचे पुढचे शॉकअप घरीच बदलतोय, खालचा बोल्ट सुटेना

नमस्कार मंडळी. २०१२ ची स्विफ्ट, मुक्काम हरमल, गोवा. पुढचे दोन्ही शॉकअप तेल गळून बसलेत, खड्ड्यात गेलं की थेट स्टिअरिंगवर दणका. नवे स्ट्रट (स्प्रिंग जिच्यावर बसते ती शॉकअपची नळी), वरचं माउंट आणि बेअरिंग आणलंय. चवथीला गाडी हवी, म्हणून अंगणातच काम काढलं.

डावीकडचं चाक काढून गाडी स्टँडवर घेतली, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून मोकळी केली. अडलंय ते स्ट्रटला नकलशी (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपाशी. वरचा निघाला. खालच्याचा नट आला, पण बोल्ट जागचा हलत नाही. समुद्राची खारी हवा, गंजाने पार धरलाय. ठोकलं की फटीतून नुसती लाल भुकटी झडते. गंजाचा स्प्रे रात्रभर मुरवला, नट थोडा परत चढवून हातोडाही घातला. आणखी ठोकलं तर आटे चेपतील. शेजारी गॅसची टॉर्च देतोय, पण बाजूलाच बॉलजॉइंटचा रबर आणि सेन्सर आहे. तापवू का? की बोल्ट कापून नवाच घालू?

दुसरं, चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर म्हापशात भाड्याने मिळेल का? स्वस्तातल्या हुकांवर माझा विश्वास नाही, दाबलेली स्प्रिंग निसटली तर जबडाच जायचा. नाहीतर सुटा स्ट्रट नेला तर फक्त स्प्रिंग काढून नव्या स्ट्रटवर चढवून देणारा कुणी आहे का, साधारण किती घेतात?

अलाइनमेंट नंतर करणारच आहे, कारण कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) याच बोल्टांवर हलतो. आणि ‘गॅरेजला दे’ हे घरचे रोज सांगतात, तेवढं सोडून बोला.