लेखी असाइनमेंटऐवजी तोंडी सादरीकरण: सोय की पळवाट?

घोडबंदरकर: काल इथेच एकाने लिहिलं, ‘ज्याला लिहायचं नाही त्याला पाच मिनिटं बोलू द्या, मार्क तेवढेच.’ वा! मी ठाण्यात एफवायबीकॉमला शिकवतो. बोलायला उभी राहिलेली पोरं स्लाइड वाचून दाखवतात, तीही मित्राने केलेली. सलग दोन पानं लिहिताना विचार कुठे अडला ते दिसतं. बोलताना हातवारे करून वेळ मारून नेता येते.

ऐरोलीची आई: लेखीत काय दिसतं सर, चॅटजीपीटीची हुशारी? माझ्या लेकाला डिस्लेक्सिया आहे. ‘मान्सून’ तीन तऱ्हांनी लिहितो. पण सह्याद्रीच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे कोरडं का, हे त्याने बाकावर डस्टर उभं करून वर्गाला समजावलं. वहीवर शेरा काय? ‘शुद्धलेखन सुधारा.’

घोडबंदरकर: अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग कायद्यात आहे. लेखनिक घ्या. सरसकट सगळ्यांना कशाला?

ऐरोलीची आई: ‘घ्या’ म्हणे! प्रमाणपत्रासाठी किती खेटे घालावे लागतात, विचारा कधी.

खडूफळा: तोंडी म्हणजे खिरापत. राज्य बोर्डाने भाषांचे तोंडीचे अंतर्गत २० गुण काढले आणि दहावीचा निकाल २०१८च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ला ७७.१० वर आला. मग गुण परत!

पनवेल लोकल: त्या वर्षी पुस्तकंही नवी होती, सगळं खापर तोंडीवर फोडू नका. माझी बहीण त्याच बॅचची. सीबीएसईवाल्यांचे अंतर्गत गुण शाबूत, आणि अकरावीच्या यादीत आमची पोरगी मागे.

खडूफळा: अहो, ते गुण आम्हीच द्यायचो. ६० मुलं, दोन तासिका. ‘कविता म्हण, १८ घे, पुढचा ये.’

पनवेल लोकल: म्हणजे खिरापत तुम्ही वाटली आणि शिव्या तोंडीला?

खडूफळा: या एकदा वर्गावर, मग बोला.

घणसोली गाववाला: तुमचं गुणांचं पुराण थांबवा जरा. मी आगरी. वर्गात ‘गाडी’ला ‘गारी’ म्हटलं की सगळे खिदळायचे, मॅडमसकट. पेपरात मला कुणी हसलं नाही. ज्याला लिहायचंय त्याला लिहू द्या म्हणजे झालं.

ऐरोलीची आई: पर्यायच मागतेय हो दादा, सक्ती नाही.

घोडबंदरकर: बरं, द्या पर्याय. पण स्लाइड बंद करून प्रश्न विचारणार. ६० मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे दहा तास. ते तास संस्थाचालक देणार का?

खडूफळा: आधी प्रोजेक्टर द्या म्हणावं. आमचा ऑफिसच्या कपाटात कुलपात असतो.