नाशिकच्या वाईनपट्ट्यात दमवणारा ट्रेक कुठला? धोडप की रवळ्या-जवळ्या?

पायपीट_पुणे

नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण नाशिकला येतोय. दोघांना फक्त वाईनरी बघायच्यात आणि आम्हा तिघांना डोंगर, म्हणून मधला मार्ग काढून दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागेतच राहायचं ठरवलंय. आधी हरिहर दोनदा झालाय, कळसूबाई, साल्हेर झालेत, दोर लावून चढायचं काही केलेलं नाही. हरिहरला आता जावंसं वाटत नाही, गेल्या वेळी त्या पायऱ्यांवर अर्धा तास लायनीत उभा होतो आणि वरचा माणूस व्हिडिओ काढत होता. त्यामुळे गर्दी नसलेलं आणि जरा कस लागेल असं काहीतरी सांगा. डोक्यात दोन पर्याय आहेत, एक म्हणजे हट्टी गावातून धोडप, दुसरा रवळ्या-जवळ्या आणि मार्कंड्या दोन दिवसांत, आणि जमलं तर तिकडूनच सप्तशृंगी गडावर चालत.

अजून एक, मेहुण्याने कुठंतरी वाचलंय की हे "ज्वालामुखीचं खोरं" आहे, तर तो सारखा विचारतोय की विवर कुठंय, विवर बघायला जाऊ. मी हसण्यावारी नेलं पण खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

भाऊ हे सगळे डोंगर आमच्या मळ्यातून रोज दिसतात, सकाळी उठलो की आधी सप्तशृंगी, मग मार्कंड्या, मग रवळ्या-जवळ्या असे ओळीने. म्हातारी माणसं तर मार्कंड्यावर ढग अडकला का बघून फवारणीचं ठरवायची.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, नाशिक स्वतःच सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. त्यामुळे धोडप साडेचौदाशे मीटरच्या घरात असला तरी तुम्हाला खालून तेवढं सगळं चढायचं नाहीये. आकडा बघून घाबरू नका आणि "एवढंच ना" असंही म्हणू नका. सातमाळ्यात, म्हणजे हे सगळे किल्ले ज्या डोंगररांगेत आहेत तिथं, दमछाक उंचीने होत नाही, घसाऱ्याने होते. वरच्या मुरमाच्या उतारावर पाय ठेवला की ओट्यावर सांडलेल्या ज्वारीवरनं चालल्यासारखं होतं. चढताना एकवेळ चालतं हो, उतरताना गुडघे काढून हातात घ्यावे लागतात.

धोडपला जायचं तर आग्रा हायवेने वडाळीभोई, तिथनं धोडांबे, मग हट्टी. गावातनं वाट मळलेली आहे, चुकायचं फार कारण नाही. वर कोरलेल्या पायऱ्या, दरवाजा, फारसी शिलालेख, मग शिखराच्या पोटात गुहा, देवीचं ठाणं आणि पाण्याचं टाकं. ते पिंडीसारखं दिसतं ना हायवेवरून, त्या टोकावर चढायच्या फंदात पडू नका, ते दोरवाल्यांचं काम आहे. तुमच्यासाठी मजा आहे ती पश्चिमेकडच्या माचीवर. भिंतीसारखी सरळ गेलीय आणि मध्ये चौकोनी खाच पडलीय, दोन्ही बाजूला सरळ खोली. वारा असला तर मी स्वतः तिथं बसूनच सरकतो, लाज वाटत नाही. इतिहासाची आवड असेल तर याच धोडपच्या पायथ्याला १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना हरवलं होतं.

आता बागेबद्दल. जानेवारीअखेर म्हणजे वाईनच्या द्राक्षांची काढणी सुरू झालेली असते, आधी पांढरी मग काळी. ऊन चढायच्या आत माल वाईनरीत पोचवायचा असतो म्हणून पहाटेच ट्रॅक्टर, पिकअप रस्त्यावर असतात आणि मागचा दिवा लागेलच याची गॅरंटी नाही, तेव्हा पहाटे चारला गाडी दामटत जाऊ नका. आणि हात जोडून विनंती, फोटोसाठी बागेत घुसून घड तोडू नका. एक तर फवारणी झालेली असते. दुसरं म्हणजे वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं, तुम्हाला खायला आवडणार पण नाही. मागच्या वर्षी एका पाहुण्याने आमच्या शिराजचा घड तोडून दोन मणी खाल्ले आणि बाकीचा घड बांधावर टाकून गेला. वर मलाच म्हणतो गोड आहे पण चोथा फार. अहो त्या सालीतनंच तर वाईनला रंग येतो.

काळा_कातळ

मेहुण्यांना सांगा, विवर नाही. ते चुकीचं बोलत नाहीयेत पण जरा उशिरा आलेत, साधारण साडेसहा कोटी वर्षं उशिरा.

गंमत बाजूला ठेवतो. दख्खनचा हा सगळा भाग लाव्ह्याचाच आहे, पण शंकूसारखा डोंगर आणि वर खड्डा असला ज्वालामुखी नव्हता. जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातनं पातळ लाव्हा बाहेर येऊन लांबवर पसरत गेला, थंड झाला, मग त्यावर दुसरा, मग तिसरा, असं पुन्हा पुन्हा. याला इंग्रजीत डेक्कन ट्रॅप म्हणतात तो ट्रॅप म्हणजे सापळा नाही, जिन्याला स्वीडिश भाषेत असलेल्या शब्दावरनं आलाय तो. आता सातमाळ्याकडे लांबून बघा, जिनाच दिसेल. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट कातळ, त्याचा उभा कडा होतो. वरचा भाग बुडबुड्यांनी भोकं पडलेला, तो लवकर झिजतो आणि त्याचा उतार किंवा पट्टी होते. म्हणून इथल्या वाटा सगळ्या एकाच पद्धतीच्या, घसाऱ्यावरनं चढा, कड्याखाली या, पट्टीवरनं आडवं जात कड्यात फट किंवा पायऱ्या सापडेपर्यंत चाला, वर निघा की पुन्हा तेच. हे एकदा डोक्यात बसलं की वाट शोधणं निम्मं सोपं होतं. फट नाही सापडली तर कड्यावर चढायला बघायचं नाही, पट्टीवरनं मागं यायचं.

मध्येच विटकरी लाल मातीचा पट्टा दिसेल, तो म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेली जुनी माती. सुकी असली तरी बुटाखाली ती पावडरीसारखी सरकते, तिथं जपून.

आणि धोडपची ती भिंत. भेगेत घुसलेला लाव्हा तिथंच गोठला, आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक निघाला. बाजूचं झिजून गेलं आणि ही उभी राहिली. म्हणजे मेहुण्यांना ज्वालामुखीच बघायचा असेल तर माचीवर उभं करा आणि सांगा की लाव्हा वर यायचा त्या नळावर तू उभा आहेस. विवराच्या हट्टापायी कोणी लोणारला घेऊन जाऊ नका, ते उल्केचं आहे. फार तर परतताना सिन्नरला गारगोटी म्युझियममध्ये न्या. ह्याच कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक आहेत तिथे, ट्रेक न करणारे दोघंही खूश होतील.

सुमी_डोंगरवाट

वरच्या दोघांनी छान लिहिलंय पण रवळ्या-जवळ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण आमची तिथं जाम वाट लागली होती.

फेब्रुवारीचा शेवट, आम्ही सहा जणी. आदल्या संध्याकाळी अगदी तुमच्यासारखंच, एका वाईनरीत टेस्टिंग, मग गप्पा, मग अजून एक बाटली. झोपायला साडेबारा. सकाळी वणीवरून मुळाणे बारीत (खिंडीत) पोचेपर्यंत नऊ वाजले, ही पहिली चूक. प्रत्येकीकडे दोन लिटर पाणी आणि वर टाकं आहे असं कळलेलं, ही दुसरी. बारीतनं वर चढून पठारावर गेलात की समोर रवळ्या आणि जवळ्या दोन बोडकी टेकाडं दिसतात, इतकी जवळ दिसतात की वाटतं काय पंधरा मिनिटांत जाऊ. पठारावर वस्ती आहे, तिथं विचारून पुढं जायला हवं होतं. पण आम्हाला कुठली घाई होती कोण जाणे. गवत जाळलेलं, त्यामुळे सगळीकडे काळं आणि त्यात गुरांच्या वाटांचं जाळं, आमची एक वाट दिसायला एकदम ठसठशीत होती म्हणून तीच धरली. तासाभराने ती वाट कड्याखालच्या पट्टीवर आली आणि हळूहळू एक पाऊल मावेल एवढीच उरली. खाली बघायची सोय नाही. टाक्यापर्यंत पोचायच्या आधीच पाणी संपत आलेलं, डोकं दुखायला लागलेलं (वाईन!), आणि एकीच्या पायाखालचा मुरूम सुटला तशी ती बसल्या बसल्या दहा-बारा फूट खाली गेली. कारवीच्या काटक्यांना धरून थांबली म्हणून. फार लागलं नाही पण दोन्ही तळहातांत मुरमाचे खडे रुतलेले. मी चिमट्याने एकेक काढत होते आणि ती "हळू गं, हळू" करत होती, ते अजून डोळ्यासमोर आहे.

मग पलीकडच्या सोंडेवरनं शेळ्यावाले एक बाबा ओरडले, तिथंच थांबा म्हणाले. आले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, ही वाट शेळ्यांची आहे, माणसांची मागं राहिली." त्यांनीच परत पठारावर आणून सोडलं. जवळ्या राहिला तो राहिलाच.

तर पुढच्या वेळी केलं ते सांगते. वस्तीवरनं एका दादांना बरोबर घेतलं आणि त्यांना दिवसाचे रीतसर पैसे दिले. पाणी माणशी चार लिटर, टाकं हिशेबात धरलंच नाही. सहाला चालायला सुरुवात. वरच्या टप्प्यात दोन्हीकडे हात लावून चढायचे कातळ आहेत, पायऱ्या होत्या त्या बऱ्याच तुटलेल्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी हे किल्ले घेतले आणि नंतर वाटाच सुरुंग लावून उडवल्या, त्याचा त्रास आपल्याला दोनशे वर्षांनी होतोय बघा. वीस-पंचवीस फुटांचा दोर न्या, गरज नाही पडली तरी सोबत असू द्या. आणि आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, अत्तर, धूर काही नको.

मार्कंड्या त्यामानाने सोपा, बारीच्या दुसऱ्या अंगाला. पण सोमवती अमावस्येला जाऊ नका, जत्रा असते.

गडकरी_हौशी

माझं मत, रामशेज करा. नाशिकपासून जवळ, संध्याकाळी परत वाईनरीत. मुघलांना पाच-सहा वर्षं दाद दिली नाही त्या किल्ल्याने, तुम्ही पाऊण तासात वर.

पायपीट_पुणे

@गडकरी_हौशी रामशेज वाईनवाल्या दोघांना देतो, खरंच चांगली आयडिया आहे.

सगळ्यांचे आभार. सुमीताई तुमचं वाचून सप्तशृंगीपर्यंत चालत जायचं भूत उतरलं. आता असं ठरतंय, पहिल्या दिवशी पहाटे हट्टी, धोडप, माची बघून दुपारी चारपर्यंत खाली. दुसरा दिवस पूर्ण आराम आणि तेव्हाच टेस्टिंग. तिसऱ्या दिवशी फक्त मार्कंड्या, आणि गडावर गाडीने नांदुरीकडून. रवळ्या-जवळ्या पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये, माणूस सोबत घेऊनच. धोडपच्या गुहेत मुक्काम करावा का असा एक विचार आहे पण थंडी किती असेल? आणि टाक्याचं पाणी पिण्यासारखं असतं का तेवढं सांगा.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

जानेवारीत टाकं भरलेलं असतं पण गाळून, उकळून प्या, गोळ्या असल्या तर अजून बरं. थंडीचं म्हणाल तर एखादी लाट आली की निफाडकडे पारा पाच-सहाच्या खाली जातो, अशा रात्री आम्ही मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून जागत बसतो. गुहेत वारा लागत नाही पण दगड गार पडतो, खाली मॅट जाड घ्या. मुक्काम केलात तर एक फायदा आहे, सकाळी माचीवर उभं राहून दोन्हीकडची खोरी दिसतात. दक्षिणेला पडलेलं पाणी कादवेतनं गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागराला. उत्तरेचं गिरणेतनं तापीला आणि तिकडून अरबी समुद्राला. आमचे आजोबा म्हणायचे, त्या भिंतीवर बसून पाण्याची बाटली कुठल्या बाजूला सांडायची ते विचार करून ठरवा.

आणि हो, टेस्टिंगच्या दिवशी गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवा. जो चालवेल त्याला आमच्याकडून खायची द्राक्षं, थॉमसन, पेपरात गुंडाळलेले घड आहेत अजून झाडावर.

पायपीट_पुणे

मेहुणा चालवणार. विवर नाही म्हटल्यावर त्याचा ट्रिपमधला रसच गेलाय, निदान द्राक्षं तरी मिळू देत त्याला.