हिरड्यांसाठी लेझर की फ्लॅप सर्जरी? मदत हवी आहे

आईचं वय ६४, मधुमेह आहे (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.१) आणि अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. खालच्या दाढांच्या हिरड्या सैल झाल्यात, पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) ६ ते ७ मिमी खोल. एक्स-रेमध्ये हाड थोडं झिजलेलं दिसतं, पण दात हलत नाहीत. डीप क्लीनिंग करून झालं, तरी रक्त येतंच.

एक डॉक्टर फ्लॅप सर्जरी (हिरडी कापून बाजूला करून मुळं साफ करणं आणि टाके घालणं) सुचवतात. दुसरे म्हणतात, डायोड लेझरने काम होईल, टाके नाहीत, रक्तस्राव कमी. ऐकायला छान वाटतं, पण माझ्या वाचनाप्रमाणे डायोड लेझर (८१० ते ९८० नॅनोमीटर) मऊ भागावर चालतो. मुळाला चिकटलेला कडक थर काढायला अवजारं किंवा २९४० नॅनोमीटरचा अर्बियम लेझर लागतो. त्यांच्याकडे फक्त डायोड आहे.

गोळी बंद करायला हृदयरोगतज्ज्ञांची ना आहे. खर्चाची अडचण नाही, पण आम्ही साताऱ्यात असल्याने पुण्याला वारंवार जाणं तिला झेपणार नाही.

इथल्या दंतवैद्यांना, विशेषतः पेरिओडॉन्टिस्टना (हिरड्यांच्या तज्ज्ञांना) विचारायचंय: एवढ्या खोल पॉकेटला नुसता डायोड पुरतो का? की गोळी चालू ठेवून फ्लॅप करणंच बरं?