चरीच्या संपावरची एकांकिका: कुळांचे कपडे जुने कसे दिसतील?

रंगपट_अलिबाग
ऑगस्टमधल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी खोतांविरुद्ध केलेल्या शेतकरी संपावर (१९३३ ते १९३९) एकांकिका बसवतोय. आठ कुळं (खोताची जमीन कसणारे), त्यांत तीन बाया, शिवाय खोत म्हणजे जमीनदार, आणि त्याचा कारकून. कपड्यांना आठ हजार रुपये आहेत. भाड्याची धोतरं-बंड्या आणून पाहिल्या. लाइटखाली सगळं पांढरंफेक, कुळं आणि खोत एकाच लग्नाला निघाल्यासारखे दिसतात. त्यात एक मुलगा कूळ आणि कारकून दोन्ही करतो, मध्ये ब्लॅकआउट तीस सेकंदांचा. काय करावं?

विंगेतला
खोत आणि कुळातला फरक आधी कापड किती आहे यातून दाखवा, रंगाचं नंतर. खोताला साडेचार मीटरचं धोतर, घोट्यापर्यंत, भरपूर निऱ्यांचं. वर लांब कोट आणि उपरणं. कुळाला दोन मीटरचा पंचा गुडघ्याच्या वर, अंगात बंडी किंवा काहीच नाही, डोक्याला मुंडासं. बायांची लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चोळी पुढे गाठीची. शेवटच्या रांगेतून चेहरे नीट दिसत नाहीत, उघड्या पोटऱ्या मात्र दिसतात.

पैसे खोताच्या कोटात घाला. कुळांना मांजरपाट (जाडंभरडं कोरं सुती कापड) पुरतो, पण शिवण्याआधी तो रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच बंडी आटते. बगलेत चार इंचांची चौकोनी कळी, म्हणजे जोडलेला कापडाचा तुकडा, हवीच. संपाचं नाटक आहे, हात वर जाणार, आणि कळी नसेल तर शिवण तिथेच उसवते. टेरिकॉट घेऊ नका: चकाकतो, चहाचा रंग अर्धवट धरतो, आणि त्या काळी नव्हताही.

खैराची_साल
रंगाचं सांगतो. चार मीटर मांजरपाटाला दहा लिटर पाणी आणि शंभर ग्रॅम चहा पावडर; पंधरा मिनिटं उकळून गाळा. कापड आधी तुरटीच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मग ओलंच चहात सोडा आणि हलवत राहा. हात थांबला की घड्यांवर पट्टे उमटतात. एक बंडी दहा मिनिटांनी काढा, दुसरी वीस, तिसरी चाळीस, म्हणजे आठही जणांचे कपडे एकाच ताग्यातले वाटणार नाहीत. ओलेपणी दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर रंग बराच फिका पडतो, आणि पिवळ्या लाइटखाली आणखी फिका, म्हणून हवा त्याहून गडद करा. तांबूस झाक हवी तर थोडा कात उकळून घाला.

लोखंडी घमेलं किंवा गंजकी बादली अजिबात नको. चहातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळपट डाग पडतात आणि ते जात नाहीत. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पागोळीचं पाणी धरा.

रंग वाळल्यावर कोपर, गळा, पंच्याची कड किसणीने खरवडा, मग पॉलिश पेपरने घासा. झीज जिथे खरोखर होते तिथेच करा. पाठीच्या मधोमध भोक पडलेलं खोटं वाटतं.

रंगपट_अलिबाग
कळलं, आभार. कपडे बदलायचं राहिलं. वेलक्रो लावू का?

विंगेतला
नको. शांत ब्लॅकआउटमध्ये त्याचा चर्रकन आवाज शेवटपर्यंत ऐकू जातो, शिवाय तो पंच्याचे धागे ओढतो. कारकुनाचं धोतर शिवूनच घ्या: कमरेला इलास्टिक, एका बाजूला पँटचे दोन मोठे हुक. ते पंच्यावरूनच चढेल. बंडीही आत राहू द्या. वरून बंद गळ्याचा कोट, खऱ्या बटणांखाली टिचबटणं. मुंडासं आधीच बांधून अस्तराला टाचलेलं असावं, म्हणजे टोपीसारखं उचलून ठेवता येतं. विंगेत दोघं हवेत, एक कमरेला आणि एक कोटाला, आणि तालीम अंधारातच करा.

खैराची_साल
सेफ्टी पिना पितळी घ्या. साध्या पिना या हवेत गंजतात आणि चहाच्या कापडावर तोच काळा डाग देतात. लिंबू-मीठ चोळाल तर डागाबरोबर रंगही उतरेल. प्रयोगानंतर कपडे दमट असतील तर प्लॅस्टिकमध्ये भरू नका, बुरशी धरते. पंख्याखाली पसरा आणि नेताना जुन्या सुती चादरीत बांधा.